सँ-वेराँ: आल्प्समधलं उंचावरचं गाव नीट बघायचं कसं

फ्रान्सच्या आल्प्समध्ये, इटलीच्या हद्दीला अगदी खेटून केरास नावाचं खोरं आहे आणि त्याच्या पार वरच्या अंगाला सँ-वेराँ, उंची २०४२ मीटर, वस्ती साधारण दोनशेच्या आसपास. बहुतेक लोक येतात, लाकडी घरांचे ढीगभर फोटो काढतात, काहीतरी थंड पितात आणि तासाभरात खाली उतरतात. मला विचाराल तर अख्खा दिवस ठेवा, जमलं तर रात्रही. या गावात नुसतं शोभेसाठी केलेलं फार थोडं आहे, जे काही आहे ते थंडी, आग आणि ऊन यांचा हिशोब लावून केलेलं आहे, आणि तो हिशोब कळला की प्रत्येक भिंतीपाशी थांबावंसं वाटतं.

आधी पोचायचं कसं ते बघू, कारण भूगोल खरा रस्त्यातच समजतो. ट्रेनने येणार असाल तर स्टेशन मों-दोफँ-गियेस्त्र, पॅरिसहून ब्रियाँसोंला जाणारी रात्रीची ट्रेन तिथे थांबते, म्हणजे झोपून उठलात की डोंगरात. स्टेशनच्या डोक्यावरच मों-दोफँचा किल्ला दिसतो. १६९२ मध्ये शेजारच्या सव्हॉय राज्याच्या ड्यूकने या भागात घुसून नासधूस केली, त्यानंतर लगेच १६९३ पासून फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा इंजिनिअर वोबान याने तो बांधायला घेतला, आता तो युनेस्कोच्या यादीत आहे. तिथून बस किंवा गाडीने गील नदीच्या घळीतून वर यायचं, रस्ता अरुंद, एका बाजूला कडा आणि एका बाजूला खोल नदी, आणि मग अचानक समोर एका खडकावर शातो-केरासचा किल्ला उभा दिसतो. इथेच लक्षात येतं की या खोऱ्यात खालून शिरायला धड वाट ही एवढीच, बाकी सगळ्या खिंडी, इझोआर २३६० मीटरवर, आन्येल २७४४ मीटरवर, आणि दोन्ही हिवाळ्यात बर्फाने बंद. १९५७ च्या जून महिन्यात गीलला असा पूर आला होता की घळीतला रस्ताच वाहून गेला आणि खोरं तुटून पडलं.

व्हिल-व्हिएय गावापाशी उजवीकडे मोलीनचा रस्ता धरला की थोडं वर गेल्यावर मातीचा एक उंच खांब आणि त्याच्या टोकावर मोठा दगड असं विचित्र प्रकरण दिसेल, त्याला लोक टोपीवाली बाई म्हणतात. हिमनदीने आणून टाकलेला गाळ आजूबाजूचा धुपून गेला, दगडाखालचा तेवढा राहिला, बाकी काही जादू नाही. फोटोसाठी थांबा पण वळणावर गाडी लावू नका.

गाडी गावाच्या तोंडाशीच ठेवावी लागते, पार्किंगला पैसे पडतात. पुढे पायी. पहिल्या दिवशी चढावर दम लागला तर घाबरू नका, दोन हजार मीटर आहे, आणि ऊन इथे जाम लागतं, हवा गार असली तरी टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका.

युरोपातलं सगळ्यात उंच गाव असा दावा इथे तुम्हाला ठिकठिकाणी वाचायला मिळेल. स्वित्झर्लंडमध्ये युफ नावाची वस्ती याच्याहून उंच आहे, साधारण २१२६ मीटर, पण ती दुसऱ्या ग्रामपंचायतीचा भाग आहे, त्यामुळे इथले लोक म्हणतात आमचा स्वतःचा मेयर आहे, तुमचा कुठाय. या वादात पडू नका. गावची जुनी म्हण जास्त छान आहे, इथला कोंबडा चांदण्या टिपतो.

आता गावात शिरल्यावर पहिलं काम, घरांची तोंडं बघा. जवळपास सगळी दक्षिणेकडे. डोंगराच्या ज्या उतारावर ऊन जास्त वेळ राहतं तोच उतार वस्तीला आणि शेताला घेतला आणि समोरचा सावलीचा उतार लार्चच्या जंगलाला सोडला. खाली एग-ब्लांश ओढा, त्याच्या पलीकडे झाडी. लार्च म्हणजे सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पानं गाळणारं झाड, ऑक्टोबरमध्ये आलात तर अख्खा उतार सोनेरी झालेला असतो आणि गर्दी नसते, माझं मत विचाराल तर यायला तोच महिना, फक्त हॉटेलं आणि बस तेव्हा कमी असतात हे धरून चला.

मग सूर्यघड्याळं. गावात वीसेक तरी आहेत, भिंतीवर थेट रंगवलेली, ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर, म्हणजे रंग भिंतीतच मुरतो. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या बाजूच्या पिएमाँतेहून जोव्हानी फ्रान्चेस्को झारबुला नावाचा एक चित्रकार या खोऱ्यांमधून हिंडत हिंडत घड्याळं काढायचा, संगमरवरासारख्या रंगवलेल्या चौकटी, फुलदाण्या आणि या डोंगरात कधी कुणी पाहिले नसतील असले रंगीत परदेशी पक्षी ही त्याची खूण, तसे पक्षी दिसले की समजा बहुतेक त्याचंच काम. पण नुसतं चित्र बघून पुढे जाऊ नका, वेळ वाचून बघा, जमतं. भिंतीतून एक लोखंडी सळई बाहेर आलेली असते, ती पृथ्वीच्या अक्षाला समांतर असते म्हणून तिरपी दिसते. तिची सावली सकाळी डावीकडे पडते आणि दिवसभरात उजवीकडे सरकत जाते. रेषांमधली जी रेष अगदी उभी, ओळंब्यात, ती बाराची. भिंत थोडी पूर्वेला किंवा पश्चिमेला कललेली असली तरी बाराची रेष उभीच राहते, बाकीच्या रेषा मात्र एका बाजूला दाटतात आणि दुसऱ्या बाजूला पसरतात, त्यावरून भिंत कुठे कललीय हेही ओळखता येतं. आता मोबाईल काढा. उन्हाळ्यात सावली बाराच्या रेषेवर असताना मोबाईलवर साधारण एक पस्तीस झालेले दिसतील. घड्याळ बिघडलेलं नाहीये, फ्रान्सचं घड्याळ पंधरा अंश रेखांशावर चालतं आणि हे गाव सात अंशांच्या आसपास, त्यामुळे अर्धा तास फरक तिथेच पडतो, वर उन्हाळी वेळेचा एक तास. हिवाळ्यात फक्त अर्धा तास जोडायचा. वर्षभरात यात आणखी दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात कारण सूर्याभोवती फिरताना पृथ्वीचा वेग सारखा नसतो आणि अक्षही कललेला आहे. घड्याळाखाली बहुतेक वेळा एखादं वाक्य लिहिलेलं असतं, लॅटिन किंवा फ्रेंचमध्ये, आणि सूर जवळजवळ सगळ्यांचा एकच, वेळ निघून चाललीय बाबा. लहान पोरं बरोबर असतील तर त्यांना पक्षी शोधायला लावा.

घर कसं वाचायचं ते जरा सावकाश सांगतो. एखाद्या जुन्या घराच्या कोपऱ्याशी उभे राहा आणि खालून वर बघत जा. खालचा मजला जाड दगडी, तो गोठा आणि माणसांचं हिवाळ्यातलं घरही. गाई-मेंढ्या एका बाजूला, खिडकीच्या बाजूला माणसं, मध्ये फारसा आडपडदा नाही, कारण जनावरांच्या अंगाची ऊब फुकट मिळते आणि सरपण इथे कधीच मुबलक नव्हतं. त्याच्यावर गवताचा साठा. गवत जनावरांना खायला तर होतंच शिवाय वरून येणारी थंडीही अडवायचं, आणि हिवाळा सरत जाईल तसं ते कमी होत जायचं. त्याच्यावर आडव्या ठेवलेल्या लार्चच्या ओंडक्यांचा भाग, त्याला इथे फ्यूस्त म्हणतात. कोपऱ्यात ओंडके एकमेकांत खाच मारून कसे बसवलेत ते बघा, दोन्हीकडची टोकं भिंतीच्या बाहेर येतात, वर्षानुवर्षं ऊन खाऊन काळपट-तांबूस झालेली, हात फिरवलात तर लाकडाच्या शिरा वर आलेल्या लागतात. ओंडक्यांच्या फटींतून वारा खेळतो, आणि धान्याला तेच हवं. समोर लांबलचक लाकडी गॅलऱ्या दिसतात, त्यावर आता जिरेनियमच्या कुंड्या आहेत पण मूळ काम पीक वाळवायचं. इथे राय आणि बार्ली धड पिकून वाळायच्या आतच थंडी यायची, म्हणून कापून गॅलरीत उन्हाला टांगायचे. छपरावर लार्चच्या फळ्या किंवा दगडी लाद्या.

हे सगळं आतून बघायचं असेल तर ल सूम नावाचं म्युझियम आहे, १६४१ चं घर, गावातल्या सगळ्यात जुन्या घरांपैकी. तिकीट काढून जाच. खोलीची उंची, भिंतीत बसवलेले पेटीसारखे पलंग आणि चाकू-कंपासने कोरलेली गोल नक्षी असलेलं लाकडी सामान बघितलं की केरासच्या फर्निचरचं एवढं कौतुक का आहे ते कळतं. त्या पेट्या आणि कपाटं बहुतेक आरोला पाइनच्या लाकडाची, ते लाकूड मऊ असतं, कोरायला सोपं, आणि हिवाळ्यात दुसरं करायला होतं तरी काय. माणसं-जनावरं एका छताखाली राहण्याची पद्धत इथे अगदी विसाव्या शतकातही काही घरांत चालू होती.

गावातून चालताना मध्येच घरं संपतात, मोकळी जागा लागते आणि परत घरं सुरू होतात. ही जागा उगाच सुटलेली नाही. अख्खं गाव लाकूड आणि सुक्या गवताने भरलेलं, एक ठिणगी पुरे, म्हणून वाड्या मुद्दाम अंतर ठेवून बसवल्या की आग एका वाडीतून दुसरीत जाऊ नये. अशा पाच वाड्या आहेत आणि प्रत्येकीचा आपला हौद, आपली भाकरीची भट्टी. हौद लाकडीच, आणि नीट बघितलंत तर दोन भाग दिसतील, एक प्यायच्या पाण्याचा आणि त्यातून वाहून आलेल्या पाण्याचा दुसरा, कपडे धुवायचा. भट्टी रोज पेटायची नाही, थंडीच्या तोंडावर कित्येक महिने पुरेल एवढा रायचा पाव एकदाच भाजून ठेवायचे, नंतर तो इतका कडक व्हायचा की कापायला खास बिजागरीची सुरी लागायची.

वाटेत मोठे लाकडी क्रॉस दिसतील आणि त्यावर शिडी, हातोडा, पक्कड, खिळे, भाला, फासे, वर एक कोंबडा अशी गर्दी असेल. ख्रिस्ताच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट वस्तूंमधून सांगितलीय, पीटरने तीनदा नाकारलं तेव्हा आरवलेला तो कोंबडा, कपड्यांसाठी सैनिकांनी टाकलेले ते फासे. एकेक वस्तू ओळखत बसायला मजा येते. पण एवढ्या ठळक कॅथलिक खुणा इथे का याचंही कारण आहे. या खोऱ्यात प्रोटेस्टंट खूप होते, १६८५ मध्ये राजाने, त्यांना धर्म पाळायची मुभा देणारा नांतचा हुकूम रद्द केला आणि त्यांच्या धर्मावर बंदी आली, पुष्कळ लोक डोंगर ओलांडून परागंदा झाले, काही लपूनछपून टिकले. म्हणून आज एवढ्याशा गावात चर्चही आहे आणि प्रोटेस्टंटांचं प्रार्थनाघरही. चर्चच्या दारातले दगडी सिंह चुकवू नका.

गावाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो वेराँ सहाव्या शतकातला, कावायों गावचा बिशप. गोष्ट अशी सांगतात की त्याने वोक्ल्यूझच्या झऱ्यापाशी एका ड्रॅगनला जखमी केलं, तो उडत उडत आल्प्सकडे आला, वाटेत रक्ताचे थेंब पडत गेले आणि शेवटी इथे मरून पडला. ते थेंब जिथे पडले ती ठिकाणं म्हणजे दक्षिणेतल्या प्रोव्हाँस प्रांतातून उन्हाळ्यात मेंढरं वर आणायच्या वाटेवरचे मुक्काम, असं मानतात. मेंढपाळांनी आपला नकाशा गोष्टीत बसवून टाकला, मला ही फार हुशारीची गोष्ट वाटते. मेंढरं आजही येतात, आता बरीचशी ट्रकने.

इथली माणसं अडाणी, कोपऱ्यातली होती असं मात्र समजू नका. १३४३ मध्ये ब्रियाँसों, केरास आणि आसपासच्या खोऱ्यांनी दोफिने प्रांताचा धनी उंबेर दुसरा याच्याकडून पैसे मोजून स्वतःचा कारभार स्वतः करायचे हक्क घेतले. अशी पाच खोरी होती, प्रत्येकाला एस्कार्तों म्हणायचे, कर आपणच वाटून घ्यायचे, आणि फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत हे चाललं, त्यातली तीन खोरी १७१३ च्या तहात सव्हॉयकडे गेली हे वेगळं. हिशोब आपला आपण ठेवायचा म्हणजे लिहिता-वाचता यायलाच हवं, शिवाय हिवाळा लांब. त्यामुळे इथले लोक थंडीत खाली जाऊन मास्तरकी करायचे, जत्रेत टोपीला पिसं खोचून उभे राहायचे, एक पीस म्हणजे लिहायला-वाचायला शिकवणार, दोन म्हणजे गणितही, तीन म्हणजे लॅटिनसुद्धा.

दुपारनंतर पायांत जोर असेल तर क्लोझीच्या देवळाकडे चाला, मदर मेरीचं छोटं चॅपल, साधारण २३९० मीटरवर. उन्हाळ्यात त्या रस्त्यावर खाजगी गाड्या बंद असतात, शटल बस असते, जाताना बसने आणि येताना पायी हा माझा सल्ला. वाटेत हिरव्या संगमरवराची जुनी खाण आणि तांब्याच्या खाणीचे अवशेष लागतात. तांबं इथे कांस्ययुगापासून काढत होते, म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी, आणि विसाव्या शतकातही काढलं. हिरवा दगड आणि आजूबाजूचे चकचकीत पापुद्र्यांचे खडक हे एका गायब झालेल्या समुद्राचा तळ आहेत, आल्प्स वर येताना तो चिरडून वर आला. १६ जुलैला इथे यात्रा भरते, खिंड ओलांडून इटलीचे लोकही येतात, तेव्हा खोल्या खूप आधी बुक करा.

कुरणात मेंढरं दिसली तर लांबून वळसा घालून जा. कळपात पातू नावाचे मोठे पांढरे कुत्रे असतात, लांडगे परत आल्यापासून ते असतातच. कुत्रा भुंकत जवळ आला तर पळू नका, काठी उगारू नका, उभे राहा, शांतपणे बोला, हुंगून झालं की तो आपला परत जातो. स्वतःचा कुत्रा बरोबर आणला असेल तर ही वाट त्या दिवशी सोडून द्या.

मुक्काम केलात तर रात्री हातातला टॉर्च बंद करून जरा उभे राहा, आकाश इथे इतकं काळं की पॅरिसच्या वेधशाळेने १९७० च्या दशकात गावावरच्या डोंगरावर, २९०० मीटरच्या वर, दुर्बीण बसवली. आता ती हौशी खगोलवाले चालवतात, वर राहून बघायची सोय असते पण जागा कमी, उन्हाळ्याच्या बऱ्याच आधी विचारा. आणि जाताना जाड जॅकेट न्या, जुलै असला तरी.

परतीच्या बसचं टाइमटेबल मात्र आल्या आल्या मोबाईलवर फोटो काढून ठेवा, सीझन बदलला की वेळा बदलतात आणि संध्याकाळी खाली जायच्या बस थोड्याच.