आइस हॉकीच्या टीमचा सातबारा कसा वाचायचा, तेही नाशकात बसून

आधीच सांगतो, मी काही हॉकीतला जाणकार नाही. इंदिरानगरला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, दिवसभर लोकांचे सातबारे नि फेरफार काढून देतो. आइस हॉकीचं खूळ भाच्यामुळे लागलं, तो रोलर स्केटिंगच्या क्लासला जायचा आणि तिथल्या कुणीतरी त्याला बर्फावरच्या हॉकीचे व्हिडिओ दाखवले, मग घरी येऊन "मामा हे बघ, मामा ते बघ" सुरू. मी बघायला बसलो नि तो दोन महिन्यांत क्रिकेटकडे गेला, मी इथेच अडकलो.

तर विषय असा, की कुठल्याही देशाच्या पुरुषांच्या टीमचा रेकॉर्ड उघडला की भलंमोठं टेबल येतं, वर्ष, जागा, मॅच, विजय, हार, कितवा नंबर. लोक सरळ शेवटचा कॉलम बघतात आणि "हॅ, सातवे आलेत" म्हणून मोकळे होतात. सातबारा बघताना नुसतं क्षेत्र बघून कुणी जमीन घेतं का? नाव कुणाचं, ते चढलं कधी, फेरफार कुठला, बोजा आहे का, हे सगळं बघतो ना आपण. तसंच इथे.

सुरुवातीला एकच टीम धरा. कॅनडा धरू नका, ते जिंकतच असतात, त्यातून शिकायला काही मिळत नाही. मी लात्विया धरला. लोकसंख्या जेमतेम १९ लाख, म्हणजे आपला नुसता नाशिक जिल्हा त्यांच्या तिप्पट आहे, पण हॉकी म्हटलं की सगळा देश जागा. पुढची सगळी उदाहरणं त्यांचीच देतो, तुम्ही दुसरी टीम घेतली तरी पद्धत हीच.

आधी वारस नोंद बघा

म्हणजे हा रेकॉर्ड नेमका कधीपासून कुणाच्या नावावर चढलाय. लात्विया आयआयएचएफचा, म्हणजे आइस हॉकीच्या जागतिक संघटनेचा, मेंबर झाला १९३१ ला. पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळले १९३३ ला प्रागमध्ये, १९३६ चं ऑलिम्पिकही खेळले. आणि १९३९ नंतर टेबलात खड्डा. १९४० ला सोव्हिएत युनियनने देशच गिळला, तेव्हा टीम कुठून राहणार. पण म्हणून रिगामध्ये, म्हणजे त्यांच्या राजधानीत, हॉकी थांबली नव्हती हं. हेल्मुट्स बाल्देरिस नावाचा जबरदस्त फॉरवर्ड रिगाचाच, पण तो खेळला सोव्हिएत जर्सीत आणि त्याची मेडल्स सोव्हिएत खात्यावर जमा आहेत. लात्वियाच्या टेबलात ती शोधत बसू नका, मी बसलो होतो, अर्धा तास गेला.

मग १९९२ ला पुन्हा मेंबर. आता गंमत अशी की परत आलेल्याला थेट वरच्या वर्गात बसवत नाहीत, १९९३ ला त्यांना पूल सी मधून सुरुवात करायला लावली, म्हणजे तळघरातून. ते जिंकून पूल बी, तिथे तीन वर्षं डोकं आपटलं आणि १९९६ ला आइंडहोव्हनला पूल बी जिंकून वर आले. स्लोव्हाकियाचं पण हेच झालं, चेकोस्लोव्हाकिया फुटल्यावर वरची जागा चेक लोकांना मिळाली आणि स्लोव्हाकिया १९९४ ला पूल सी मध्ये. भावाभावांच्या वाटणीत मोठ्याला रस्त्यालगतचं शेत आणि धाकट्याला खडकाळ, असं वाटतं बघा. धाकट्याने २००२ ला वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली तो भाग वेगळा.

मग पायरी बघा, नंबर नंतर

सगळे देश एकाच स्पर्धेत खेळत नाहीत, एकाखाली एक डिव्हिजन असतात, सगळ्यात वरच्या गटात १६ टीम. आठ-आठचे दोन ग्रुप, प्रत्येकातले पहिले चार क्वार्टरफायनलला आणि तळाचा एक खालच्या डिव्हिजनला. म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये पहिला आलेला आणि वरच्या गटात चौदावा आलेला यात चौदावा भारी. टेबलात मात्र 'पहिला' दिसतं आणि माणूस फसतो.

दुसरी फसगत अजून बारीक आहे. लात्विया वर आल्यावर १९९७ ला सातवा आला. २००४ ला सातवा, २००९ ला पण सातवा. तिन्ही सातवे सारखे? नाही ना भाऊ. १९९७ ला वरच्या गटात १२ च टीम होत्या, १६ झाल्या १९९८ पासून. बारात सातवा म्हणजे मधोमध, सोळात सातवा म्हणजे क्वार्टरफायनल खेळलेला. म्हणून मी वहीत नंबर लिहिताना अपूर्णांकासारखा लिहितो, ७/१२, ७/१६. आणि हो, पहिला आकडा बघून दुकानात मला हसूच आलं, सातबाराच तो!

या सगळ्यात लात्वियाची खरी कमाई कुठल्याच नंबरात दिसत नाही. १९९७ पासून ते वरच्या गटातून एकदाही खाली गेलेले नाहीत. एवढ्याशा देशाला हे टिकवणं किती अवघड असेल विचार करा, दरवर्षी मानेवर सुरी. २०२० ची ओळ कोरी दिसली तर घाबरू नका, करोनामुळे स्पर्धाच झाली नव्हती.

पॉइंटचे कॉलम, इथे मी मिसळ हरलो

साठ मिनिटांत जिंकलात तर ३ पॉइंट. बरोबरी झाली तर दोघांना एकेक मिळतो आणि ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटमध्ये जो जिंकेल त्याला अजून एक, म्हणजे त्याचे २, हरणाऱ्याचा १. म्हणून टेबलात विजयाचे दोन कॉलम असतात नि हारेचे पण दोन, त्यांची बेरीज करून टाकू नका.

२०२१ ची स्पर्धा रिगातच होती. पहिल्याच दिवशी लात्वियाने कॅनडाला २-० हरवलं, आयुष्यात पहिल्यांदा. मी उड्या मारल्या. मग कॅनडा अमेरिकेकडून हरला, जर्मनीकडून हरला, तीन मॅच तीन हार. आमचा एक मित्र सिडकोत राहतो, त्याला मी म्हटलं कॅनडा गेला घरी, लाव मिसळ. त्याने लावली. आता शेवटच्या दिवशी लात्विया विरुद्ध जर्मनी, आणि हिशोब असा होता की ती मॅच साठ मिनिटांत बरोबरीत सुटून ओव्हरटाइमला गेली असती तर तो एकेक पॉइंट घेऊन दोघंही पुढे आणि कॅनडा बाहेर. मला हे माहीतच नव्हतं, मी लात्विया जिंकावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेलो, आणि जर्मनीने साठ मिनिटांतच २-१ मारली. लात्विया बाहेर, कॅनडा आत. आणि तो कॅनडा पुढे जाऊन फायनलमध्ये फिनलंडला ओव्हरटाइममध्ये ३-२ हरवून गोल्ड घेऊन गेला. तेव्हा हॉटेलं धड उघडी नव्हती म्हणून सुटलो, पण नंतर चौघांची मिसळ, एक्स्ट्रा पाव आणि वर ताक, सगळं माझ्या खिशातून.

तर शिकायचं काय, की ग्रुपच्या शेवटच्या दोन दिवसांत प्रत्येक मॅचसाठी कागदावर तीन शक्यता लिहा, साठ मिनिटांत अ, साठ मिनिटांत ब, आणि बरोबरी. पॉइंट सारखे झाले तर आपसातली मॅच कोण जिंकलं ते आधी बघतात, हे पण बाजूला लिहून ठेवा.

स्कोअर एकटा खरं बोलत नाही

प्रत्येक मॅचच्या शीटवर गोलच्या दिशेने किती शॉट मारले ते असतं. ते न बघता स्कोअर वाचू नका. २०१४ सोची ऑलिम्पिक, क्वार्टरफायनल, कॅनडा २ लात्विया १. वाटतं काय घासून मॅच झाली असेल. शॉट बघा, ५७ विरुद्ध १६. म्हणजे कॅनडा तासभर हातोडा मारत होता आणि क्रिस्टर्स गुडलेव्स्किस नावाचा गोलकीपर एकटा भिंत होऊन उभा, त्याने ५५ अडवले. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये कॅनडाच्या शे वेबरचा पॉवरप्लेतला (समोरचा प्लेयर शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतानाचा) एक गेला तेव्हा कुठे सुटले ते. ही मॅच टेबलात 'हार' म्हणूनच आहे. मी वहीत हारेपुढे शॉट लिहितो, लाल पेनने.

कोण खेळायला आलं होतं हे पण बघावं लागतं. वर्ल्ड चॅम्पियनशिप मे महिन्यात असते आणि तेव्हाच अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या क्लब लीगच्या बाद फेऱ्या चालू असतात, ज्याची क्लब टीम तिथे अजून जिवंत आहे तो प्लेयर देशासाठी येऊ शकत नाही. आयपीएल आणि कसोटी एकाच वेळी ठेवली तर काय होईल, तसलाच प्रकार. म्हणून मोठ्या देशाची हार वाचली की आधी टीमची यादी उघडायची. पण कधी कधी हे कारणही चालत नाही, २००० ला सेंट पीटर्सबर्गमध्ये रशियाने घरच्या बर्फावर पावेल बुरेसकट एनएचएलवाले उतरवले होते, आणि लात्वियाने त्यांना ३-२ ने लोळवलं, गोलमध्ये आर्तुर्स इर्बे. रशिया त्या वर्षी अकरावा. रशिया आणि बेलारूसच्या ओळी २०२२ पासून कोऱ्या आहेत, युक्रेन युद्धामुळे बंदी.

आता एक ओळ पूर्ण वाचून दाखवतो

२०२३, टॅम्पेरे आणि रिगा. शेवटचा कॉलम म्हणतो ३. बास, एवढंच. आता उलगडा. पहिली मॅच कॅनडाकडून ०-६, तेही रिगात, घरच्या लोकांसमोर. इथे टीव्ही बंद करणारे खूप असतील. मग रडत-खडत पॉइंट जमवत शेवटच्या ग्रुप मॅचला स्वित्झर्लंडला ओव्हरटाइममध्ये ४-३, आणि क्वार्टरला शिरले. क्वार्टरला स्वीडन, ३-१. सेमीला परत कॅनडा, या वेळी ४-२ ने हरले. आणि ब्राँझसाठी समोर अमेरिका, जे सेमीपर्यंत एकही मॅच हरले नव्हते.

तो दिवस २८ मे, रविवार. आपल्याकडे त्या संध्याकाळी सगळं गाव आयपीएलच्या फायनलसाठी टीव्हीसमोर, आणि अहमदाबादला पाऊस. खेळ काही सुरू होईना, लोक मैदानावरची कव्हरं बघत बसलेले. मी मोबाईलवर लात्विया. तिसऱ्या पिरियडमध्ये अमेरिका ३-२ पुढे, क्रिस्टियान्स रुबिन्सने बरोबरी केली. हा माणूस डिफेन्समधला, गोल मारणं हे त्याचं कामच नाही. आणि ओव्हरटाइममध्ये परत तोच! ४-३. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारचे काका गॅलरीत आले, "काय, पाऊस थांबला का?"

तिकडे त्यांच्या संसदेने मध्यरात्रीच्या सुमारास बैठक घेऊन दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर केली, खासदार हॉकीच्या जर्सी घालून. गोलकीपर आर्तुर्स शिलोव्स स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. वर्ल्ड चॅम्पियनशिपमधलं देशाचं हे पहिलंच मेडल. टेबलात काय दिसतं? ३.

रँकिंगबद्दल थोडक्यात, कारण त्यावर भांडणं फार होतात. त्यात चार वर्षांचा हिशोब असतो, चालू वर्षाचे पॉइंट पूर्ण, आदल्या वर्षाचे पाऊण, त्याआधीचे अर्धे, त्याआधीचे पाव. त्यामुळे एखादं वर्ष सोन्यासारखं गेलं तरी दरवर्षी ते झिजत जातं, आणि टीम काही वाईट न खेळताही खाली सरकते. म्हणून मी रँकिंग बघतो पण वहीत लिहीत नाही.

आणि आपलं काय

हा प्रश्न येणारच. भारत आयआयएचएफचा मेंबर १९८९ पासून आहे, पण पुरुषांची टीम पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय मॅच खेळली २००९ ला, अबू धाबीत, चॅलेंज कप ऑफ एशियामध्ये. म्हणजे वीस वर्षं खातं उघडून शिल्लक शून्य. वरच्या गटाशी आपलं पान जुळवून बघू नका, शिडीच वेगळी आहे, आपल्या ओळी आशियातल्या स्पर्धांच्या. २०१२ ला तो चॅलेंज कप डेहराडूनला झाला होता, तिथे साऊथ एशियन विंटर गेम्ससाठी बांधलेलं रिंक होतं. टीममधली बहुतेक पोरं लडाखची, थंडीत गोठलेल्या तळ्यांवर खेळून तयार झालेली, हिवाळ्याचे मोजके आठवडे बर्फ टिकतो तेवढीच प्रॅक्टिस. आपल्या स्कोअरकडे बघताना हे समोर ठेवा, आणि हसायचं असेल तर आधी गंगापूर धरणाच्या पाण्यावर स्केटिंग करून दाखवा.

मुलींच्या टीमचा रेकॉर्ड स्वतंत्र काढा, त्यांनी २०२५ ला एशिया कपमध्ये ब्राँझ आणलंय, तो पुरुषांच्या पानात मिसळू नका.

सामान काही लागत नाही, दोनशे पानी वही, दोन रंगांची पेनं आणि बरं नेट. पक, म्हणजे बॉलच्या जागी असलेली रबराची चकती, टीव्हीवर दिसत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते, त्याच्या मागे डोळे फिरवू नका, प्लेयर कुठे वळतायत ते बघा, चार-पाच मॅचमध्ये सवय होते. वेळेचं म्हणाल तर मे महिन्यात रिगा आपल्या अडीच तास मागे असतं, २०२३ ला त्यांची संध्याकाळची ७.२० ची मॅच आपल्याकडे ९.५० ला लागायची, दुकान बंद करून, जेवून, गच्चीत गादी टाकून बसलं की बरोबर पहिला पिरियड सुरू. इन्व्हर्टर मात्र आधी चार्ज करून ठेवा, वळवाच्या पावसाचे दिवस असतात, आमच्याकडे दोन थेंब पडले की लाईट जाते.