भजनी ठेक्यावर गाणं लिहायचं तर सम सांभाळा

चाल आधी ठरवा. आपल्या बेळगाव-खानापूर भागातल्या भजनी मंडळांकडे चालींना तोटा नाही, नवे शब्द हवे असतात. विषय एकच घ्या, तोही डोळ्यांनी पाहिलेला.

साचा मोठ्या अभंगाचा घ्या. पहिले तीन चरण ६-६-६ अक्षरांचे, चौथा ४ चा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला:

रोप लावायाला । आली सारी वाडी ।
चिखलाची साडी । गुडघ्याला ॥

जोडाक्षर एकच धरायचं. आणि बोलताना 'रोप'मधला 'प' आपण अर्धवट सोडतो, गाताना तो पुरा म्हणावा लागतो. म्हणून मोजणी गाऊन करा.

आता खरी अडचण. 'यमक जुळलं की बाकी आपोआप बसतं' हा सल्ला देणाऱ्यांनी टाळ हातात घेऊन एकदा गाऊन पाहावं. सम म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, पहिला ठोका. गाणं समेवर बसतं किंवा समेवरच पडतं.

मी मंडळासाठी अभंगाहून वेगळ्या साच्यात ओळ लिहिली होती, 'आमच्या गावच्या नदीला'. वाचायला गोड. ठेका ८ मात्रांचा, चाल पाचव्या मात्रेवरून उचललेली, मात्रेला एक अक्षर. म्हणजे चार अक्षरं झाली की सम. मोजा: आ-म-च्या-गा, आणि समेवर 'व'. गावाचे दोन तुकडे! टाळांचा दणका अर्ध्या शब्दावर. मृदंगावरच्या अप्पांनी हात थांबवून विचारलं, "अरे, गाव कुठं गेलं?" तीन रात्री मी त्या ओळीशी झगडलो. शेवटी लिहिलं, 'माझ्या दारी मार्कंडेय'. समेवर 'मा' आला, तोंड उघडून लांबवता येणारा, आणि नदीचं नाव अख्खं राहिलं.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. 'च्या', 'ला', 'नी' यांना समेवर जागा द्यायची नाही. तिथं नाव हवं, नाहीतर क्रियापद. ओळी झाल्या की समेवरचे शब्द तेवढे वेगळ्या कागदावर उतरवा. त्यांतून गाण्याचा विषय कळत नसेल तर यमक कितीही गोड असो, ओळ फाडा.

दुसरं, भाषा 'शुद्ध' करू नका. एका स्पर्धेत परीक्षकांनी मला 'अक्का' काढून 'ताई' घालायला सांगितलं, कारण काय तर अक्का कानडी. आमच्या घरात थोरली बहीण अक्काच आहे. शिवाय 'क्क'वर मृदंगाची थाप अशी बसते की ऐकणारा मान डोलावतो. 'ताई' तिथून निसटून जाते. मी बदललं नाही. तुम्हीही बदलू नका.

कडवी तीन पुरेत.

मग कागद मंडळाला द्या आणि स्वतः मागच्या रांगेत बसा. गाणारा मध्येच 'हो', 'अगा', 'की' घालतो ती जागा पेन्सिलीनं खुणावून ठेवा. तिथं अक्षर कमी पडलंय. घरी आल्यावर तेवढीच जागा पुन्हा लिहा.