किल्ली फिरवली तरी सेल्फच घेत नाही: जुन्या मारुती ८०० चा फॉल्ट घरी कसा शोधायचा

आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. "गाडी स्टार्ट होत नाही" या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात. सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारला की इंजिन खर्र खर्र फिरतंय पण पेट घेत नाहीये, तर तो प्रश्न पेट्रोलचा किंवा करंटचा, तिथे प्लग, कॉइल, कार्ब्युरेटर बघायचं. पण किल्ली फिरवल्यावर इंजिन जागचं हलतच नसेल तर प्लगला हात लावून काही उपयोग नाही, इंजिन फिरलंच नाही तर प्लगने करायचं काय? हे सगळं या दुसऱ्या तक्रारीबद्दल आहे.

माझी ८०० कार्ब्युरेटरवाली, ९७ चं मॉडेल. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट उतरल्यावर चहाला थांबलो, पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली तर नुसतं "टक". परत फिरवली, परत "टक". हॉटेलवाल्यापासून ट्रकच्या क्लीनरपर्यंत सगळे जमले आणि सगळ्यांचं एकच मत, बॅटरी गेली. धक्का मारून गाडी काढली, साताऱ्यात नवीन बॅटरी टाकली, आणि आठच दिवसांनी पुन्हा तेच "टक". तेव्हापासून बॅटरीला शिव्या घालायच्या आधी मी मोजतो. मल्टिमीटर स्वस्तातला पण चालतो, फक्त डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा.

सुरुवात मात्र मीटरशिवाय करायची. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हेडलाइट लावा आणि किल्ली फिरवताना दिव्याकडे बघा, एकटे असाल तर समोर भिंत असेल अशी गाडी लावा म्हणजे उजेड भिंतीवर दिसतो. दिवे मुळात लागतच नसतील तर बॅटरी पूर्ण उतरलीय, टर्मिनल सुटलंय किंवा मेन फ्यूज उडालाय. दिवे लागलेत पण किल्ली फिरवताच मरगळतात आणि टकटकटकटक असा मशीनसारखा आवाज येतो, तर करंट कमी पडतोय, म्हणजे बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हचा बॉडी-इंजिनशी जोड). दिवे तसेच ढणढणीत आणि एकच जाड "टक" आला तर सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच, किल्लीच्या निरोपाने मोटर जोडणारा) ओढतोय पण मोटर फिरत नाहीये. दिवे ढणढणीत आणि आवाजच नाही, तर किल्लीचा निरोप सोलेनॉइडपर्यंत पोचतच नाहीये. आणि "टक" होऊन दिवे एकदम बसले आणि काहीच फिरलं नाही तर सेल्फ किंवा इंजिन जाम असू शकतं, ते शेवटी बघू.

आता बॅटरी. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी मोजा. १२.६ आला तर फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला लावा. १०.५ च्या आसपास दिसला तर एक सेल मेला समजा, सहा सेल असतात आणि प्रत्येकाचा २.१ धरला तर हिशोब बरोबर बसतो. पण नुसत्या उभ्या मापावर विसंबू नका, म्हातारी बॅटरी आरामात बसलेली असताना १२.४ दाखवते आणि सेल्फ मारला की ६ वर येते. म्हणून मीटरच्या पिना बॅटरीच्या बोंडांवर धरून दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. ९.६ च्या वर टिकली तर बॅटरी ठीक. माझी ती "मेलेली" बॅटरी ११ च्या वर टिकली असती अशी मला खात्री आहे कारण ती आता भावाच्या व्हॅनमध्ये निवांत चालतेय, पण तेव्हा मोजलं कोणी!

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरली असेल तर १० चा पाना घ्या, आधी निगेटिव्ह काढा मग पॉझिटिव्ह (उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला तर वेल्डिंग होतं, हातातली अंगठी आणि कडं पण काढून ठेवा). कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, बोंड आणि क्लँपची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. बसवताना निगेटिव्ह शेवटी. क्लँप हाताने हलत असेल तर सैल आहे, पिळून बघाच.

आता अर्थ, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझा फॉल्ट इथेच निघाला. सेल्फची मोटर जो करंट खेचते तो इंजिनच्या बॉडीतून परत बॅटरीच्या निगेटिव्हला येतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून तसं तुटलेलंच, जोडणारी ती एक अर्थची केबल किंवा विणलेली पट्टी. ती चिखलात, पाण्यात वर्षानुवर्षं लटकते आणि आतून सडते. वरून बघितलं तर छान दिसते. नुसता मीटर लावून बघायला गेलात तर १२ व्होल्ट पूर्ण दाखवते, कारण मीटरला करंट लागतोच किती, एक धागा शिल्लक असला तरी १२ दिसतो. सेल्फला शंभरच्या वर अँपिअर लागतात, तो एक धागा तिथे काय करणार.

म्हणून लोड असतानाच मोजायचं. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह बोंडावर, क्लँपवर नाही, बोंडाच्या शिशावर. लाल पिन गिअरबॉक्सच्या किंवा इंजिनच्या स्वच्छ खरवडलेल्या धातूवर. किल्ली फिरवायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आत आला तर अर्थ चांगला. माझा ४.१ आला. म्हणजे १२ पैकी ४ व्होल्ट त्या पट्टीतच जळत होते! खाली झोपून पट्टी चाचपली तर गिअरबॉक्सच्या टोकाचा लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) गंजून हिरवागार, हाताने ओढली आणि सुटून हातात आली. नवीन जाड केबल, दोन्ही टोकांची जागा रंग आणि गंज निघेपर्यंत खरवडून, नट घट्ट, वर ग्रीस. पहिल्या फटक्यात सेल्फने इंजिन असं फिरवलं की मीच दचकलो.

पॉझिटिव्हलाही हीच टेस्ट, लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह बोंडावर, काळी सोलेनॉइडच्या जाड बोल्टवर जिथे बॅटरीची केबल येते तिथे. किल्ली फिरवताना ०.५ च्या वर गेला तर केबल किंवा तिचा लग खराब. अर्थ आणि केबल दोन्ही ठीक निघाले तरच सेल्फकडे वळायचं.

सोलेनॉइडवर एक बारीक वायर असते, किल्लीचा निरोप तीच आणते. तिच्यावर लाल पिन, बॉडीवर काळी, किल्ली फिरवताना किती येतो बघा. ११ च्या आसपास आला आणि सोलेनॉइड गप्प, तर सोलेनॉइड गेला. आलाच नाही किंवा ७-८ येतोय तर दोष वरच्या बाजूला, बहुतेक वेळा इग्निशन स्विच. जुन्या स्विचचे कॉन्टॅक्ट झिजतात, सोलेनॉइड ओढायचा सगळा करंट त्याच बिचाऱ्या स्विचमधून आणि लांबलचक वायरीतून जातो. गरम झाल्यावरच घेत नाही आणि थंड झाल्यावर घेते, ही तक्रार बऱ्याचदा इथलीच असते, कारण तांब्याचा रेझिस्टन्स ५० डिग्री तापला की साधारण २० टक्के वाढतो आणि आधीच कमी असलेला करंट मग पुरत नाही. ट्रायल म्हणून गाडी न्यूट्रलला असल्याची दोनदा खात्री करून (गिअरमध्ये असेल तर गाडी अंगावर येते, हे मी गमतीने म्हणत नाहीये), किल्ली बंद ठेवून बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक वायर त्या बारीक टोकाला टेकवा. सेल्फ धाडकन फिरला तर सेल्फ निर्दोष, मागचा रस्ता वाईट.

त्यावर सगळ्यात टिकाऊ इलाज म्हणजे एक ३० अँपिअरचा रिले (थोड्या करंटने जास्त करंट जोडणारा स्विच). किल्लीची वायर रिलेच्या ८६ ला, ८५ बॉडीला, ३० ला बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर, आणि ८७ वरून सोलेनॉइडला. म्हणजे स्विचला नुसता रिले हलवायचा राहतो. शे-दीडशे रुपयांचं काम आहे आणि बरेचजण त्याऐवजी पूर्ण सेल्फ बदलून बसतात.

वायरीवर करंट आहे, "टक" पण येतो, तरी मोटर गप्प असेल तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा मोटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत. दुसऱ्याला किल्ली धरून ठेवायला सांगा आणि सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलकेच दोन-चार टोले द्या. फिरला तर कार्बन संपत आलेत, आजचं काम भागलं पण उद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जायचंच. दोन जाड बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जोडून बघतात काहीजण, त्याने मोटर नुसती घुंई करते, इंजिनला पकडत नाही कारण पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे ढकलायचं काम सोलेनॉइडचं असतं. ठिणग्या मात्र भरपूर उडतात, मी करत नाही.

उरला जामचा प्रश्न. चौथ्या गिअरमध्ये गाडी पुढेमागे ढकलून बघा. इंजिन थोडं हलून सेल्फ मोकळा झाला तर पिनियन अडकला होता. अजिबात हलत नसेल आणि गाडी पावसात पाण्यातून आली असेल तर तिथेच थांबा, धक्का नको, सेल्फ नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चारऐवजी तीनच प्लग आहेत ८०० ला, काढायला दहा मिनिटं लागतात, काढून मगच हलक्या हाताने फिरवा.

रस्त्यात यातलं काहीच करता आलं नाही तर किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून धक्का, वेग आला की क्लच सोडायचा. बॅटरी ठार मेली असेल तर मात्र धक्क्यानेही स्टार्ट होणार नाही, कॉइलला थोडा करंट लागतोच. स्टार्ट झाली की बॅटरीवर मीटर लावा, १३.८ ते १४.४ दिसला पाहिजे, नाहीतर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये आणि मग वाटेत चहाला थांबायचं असेल तर इंजिन चालूच ठेवा.