भंडारदऱ्याला दोघंच गाडीने निघालात? या चुका टाळा

मे महिना संपत आला की आमच्या ठाण्याच्या सोसायटीत लिफ्टमध्ये गाठून विचारतात, "काकू, भंडारदरा एका दिवसात होईल ना?" होईल. नाशिक महामार्गाने घोटी, घोटीहून बारी, पुढे धरणाकाठचं शेंडी गाव. माजिवड्यापासून दीडशेच्या आसपास किलोमीटर. पहाटे पाचला निघालात तर नाश्ता घोटीत. आठला निघालात तर तो मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये, गाडीत बसून, वेफर्सचा. पण विचारणाऱ्याच्या यादीत नुसता भंडारदरा कधीच नसतो. रतनवाडी, सांधण दरी, रंधा धबधबा, कळसूबाईचा पायथा, आणि शेवटी "येता येता माळशेज".

माळशेज येता येता लागत नाही. ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून तिकडे जायचा रस्ता कल्याण-मुरबाडचा, भंडारदऱ्याचा कसाऱ्याचा. शेंडीहून राजूर, कोतूळ, ओतूर करत माळशेजला उतरता येतं, पण त्याला वेगळा दिवस द्या. आम्ही दोघं एका फेरीत एकच तळं धरतो. उरलेलं पुढच्या वेळी. दोन दिवसांत सात जागा बघून आलेल्या जोडप्यांना मी तिसऱ्या दिवशी भेटते. फोटो चांगले असतात, एकमेकांशी बोलत नसतात.

उतारावर न्यूट्रल

या चुकीवर मी कितीही वेळ बोलू शकते, तेव्हा जरा सहन करा.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची, म्हणजे पेट्रोल वाचतं, हे कुणीतरी काका प्रत्येक नव्या ड्रायव्हरच्या कानात सांगून ठेवतात. हल्लीच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांना ते लागूच नाही. गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि चाकंच इंजिन फिरवत असली की इंधन आपोआप तुटतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं पेट्रोल जातच राहतं. म्हणजे वाचत काही नाही, उलट गाडीला धरून ठेवणारं इंजिन सुटतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

आमच्याच इमारतीतला एक मुलगा, लग्नाला वर्ष झालेलं, गाडीला त्याहून कमी. दोन गाड्या घेऊन आम्ही भंडारदऱ्याहून परतत होतो. कसारा घाटात त्याची गाडी आमच्या पुढे. मागचे लाल दिवे सुटता सुटेनात. प्रत्येक वळणावर पेटलेले, मधल्या सरळ पट्ट्यातही पेटलेले. काच खाली केली तर जळका वास. मी हॉर्न देते आहे, आणि त्याला वाटतंय काकूंना घाई झाली, म्हणून तो आणखी पुढे पळतोय! शेवटी त्याच्या बायकोने मागे वळून माझे हातवारे पाहिले. रुंद जागा बघून डावीकडे थांबले, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता आणि ब्रेकचं पेडल अगदी तळाला जात होतं. एक ट्रकवाले भाऊ थांबले. त्यांनी आधी विचारलं, "साहेब, गियर काय शोभेला दिलाय का?" नंतर चाकांमागे दगड लावले.

मुलाने पाण्याची बाटली काढली, चाकावर ओतायला. ती मी हातातून काढून घेतली. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर ती वाकते, तडकूही शकते. गप्प बसायचं, निवू द्यायचं. आम्ही तासभर बसलो. त्या तासात त्याने मला मायलेजचा आकडा दोनदा सांगितला. पेडल पुन्हा कडक लागलं तेव्हा हळूहळू खाली उतरलो, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला ब्रेक ऑइल बदलायला पाठवलं. एकदा उकळलेलं ऑइल निवलं म्हणून नव्यासारखं होत नाही.

माझी सवय साधी आहे. ज्या गियरने तो चढ चढले असते, त्याच गियरने उतरायचं. बहुतेक वेळा दुसरा किंवा तिसरा. इंजिन गुरगुरतं, गुरगुरू दे. ब्रेक वळणाआधी, ठाम आणि थोडा वेळ दाबायचा आणि सोडायचा. पाय त्याच्यावर ठेवून बसायचं नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर डी वर सोडून देऊ नका, मॅन्युअल मोड किंवा एल कशाला आहे ते घाटाआधी घरी वाचा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी इगतपुरीला शंभर टक्के चार्ज करून घाट उतरायला सुरुवात करू नये. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज साठवायला जागाच नसते, मग गाडी पाय सोडल्यावर हवी तशी अडत नाही.

एकच ड्रायव्हर

"ती ठाण्यात चालवते हो, पण घाटात नको." हे वाक्य मी फार ऐकलंय, आणि बोलणारा सहसा रात्री अकराला झोपून चारला उठलेला असतो. दोघंच जाताय तर दोघांनीही चालवायचं. आम्ही घोटीला अदलाबदल करतो, कुणाचा मूड असो नसो. जो चालवत नाही त्याने झोपायचं नाही, रील बघायचे नाहीत. पुढचं वळण, मागून येणारा ट्रक, रस्त्यातली गुरं, एवढं त्याचं काम. घाट कधीच चालवला नसेल तर शिकायला येऊरचा चढ आहे की घराजवळ. सकाळी लवकर जाऊन या.

नकाशावर जवळ दिसतं म्हणून

ही माझी दुसरी लाडकी चूक, कारण हिच्यात हुशार माणसं सापडतात.

ओळखीतल्या एका जोडप्याने खारघरहून फोन केला. घाटघरचा कोकणकडा बघायचाय, आणि "अगदी तीन-चार किलोमीटरवर" स्वस्तात खोली मिळाली. गावाचं नाव विचारलं तर म्हणाले, चोंढे. मी म्हटलं, अरे, चोंढे कड्याच्या खाली आहे, आपल्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात. घाटघर कड्याच्या वर, नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, अकोले तालुक्यात. मध्ये सह्याद्रीची उभी भिंत. तिथला जलविद्युत प्रकल्पसुद्धा याच उंचीवर चालतो: वर घाटघरला एक धरण, खाली चोंढ्याला दुसरं, मागणी असेल तेव्हा पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज, आणि मागणी नसेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. पाण्याला बोगदा आहे. तुमच्या गाडीला कसारा, इगतपुरी, घोटी, शेंडी असा भलामोठा वळसा आहे. पायवाट आहे, पण ती ट्रेकवाल्यांची.

ऐकलं का? नाही. पैसे भरले होते. शनिवारी संध्याकाळी डोळखांबच्या पुढून फोन: "काकू, रस्ता संपला." रस्ता संपला नव्हता, डोंगर सुरू झाला होता. रात्र त्यांनी कड्याच्या पायथ्याशी काढली, आणि ज्याच्यावरून खाली बघायचं तो कडा खालून वर बघितला.

तेव्हा सह्याद्रीत खोली ठरवण्याआधी ठिपका बघू नका, तालुका विचारा. मालकाला फोन करून एवढंच विचारायचं, "शेंडीहून तुमच्याकडे यायला गाडीला किती वेळ?" किलोमीटर विचारू नका. भंडारदऱ्याच्या तळ्याभोवतीचा शेंडी, मुरशेत, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे हा फेरा चाळीसेक किलोमीटरचाच आहे, पण अरुंद रस्ता आणि समोरून येणारी एसटी धरली तर तुमचं शहरातलं गणित तिथे लागू होत नाही. रतनवाडीचं अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर उजेडात निवांत बघा. अंधारात धावत पाया पडून निघायचं असेल तर ठाण्यात कौपिनेश्वर आहे. आणि मोबाइलची रेंज मधल्या बऱ्याच टप्प्यांत जाते, म्हणून नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, खिशात सुट्टे पैसेही असू द्या.

बाकीच्या, पटापट

चढणारी गाडी आधी. नियमच आहे तसा. अरुंद घाटरस्त्यात उतरणाऱ्याने थांबायचं, समोरच्याला दिवे मारून धमकवायचं नाही.

धुक्यात आणि पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नका. मागच्याला कळत नाही तुम्ही थांबलाय की चाललाय, आणि वळताना तुमचा इंडिकेटर कुणाला दिसत नाही. लो बीम लावा, हाय बीम धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

टाकी घोटीत भरा. स्टेपनीची हवा ठाण्यातच बघा, आणि नव्या गाडीत स्टेपनी आहे की नुसता पंक्चरचा डबा, हेही.

तळ्याकाठच्या सुकलेल्या दिसणाऱ्या गाळात फोटोसाठी गाडी उतरवायची नाही. वर पापुद्रा, खाली चिखल. ट्रॅक्टरवाला येईपर्यंतचा वेळ लांब असतो आणि त्याचा दर तुमच्या चेहऱ्यावर ठरतो.

माकडांना खायला देऊ नका. तुम्ही एक केळं देऊन निघून जाता, ती मात्र रोज गाड्यांसाठी रस्त्यावर येऊन बसतात आणि मरतात.

एप्रिलमध्ये जाऊन "धबधबे कुठायत" विचारू नका. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली प्रवरेवर पूर्ण झालं, आणि त्याच्या पायथ्याचा अम्ब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलं तरच छत्रीसारखा उघडतो.

माळशेजला निव्वळ फ्लेमिंगोंसाठी जाणार असाल तर आधी ऐरोलीला जा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ सालचं, २०२२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे, आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत पक्षी तुमच्या घरापाशी उभे असतात. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून घड्याळ बघून नाही, विचारून जा.

आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात सफारीची जीप शोधू नका. ते चालायचं जंगल आहे. पहाटे गप्प उभं राहिलात तर झाडाच्या शेंड्यावर शेकरू दिसेल. स्पीकर लावलात तर फक्त तुमच्यासारखेच दुसरे स्पीकरवाले दिसतील.

काजव्यांवर हेडलाइट

मेअखेर ते पहिला दमदार पाऊस, एवढाच काजव्यांचा मोसम. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या फांद्या एका तालात उजळतात आणि विझतात. हे सगळं चाललेलं असतं जोडीदार शोधायला. नर उडत लुकलुकतो, मादी खाली गवतातून उत्तर देते. त्यात तुम्ही हाय बीम मारलात की त्या दोघांना एकमेकांची खूण दिसत नाही. मोसम थोडा, आयुष्य थोडं. आपण जोडीने फिरायला आलेली माणसं, निदान एवढं तरी समजायला हरकत नाही.

लोक काय करतात? शनिवारी येतात, सगळेच. रस्त्याला गाड्यांची रांग, प्रत्येकीचे दिवे चालू, कारण "अंधारात बायकोला भीती वाटते." मग मोबाइलचा फ्लॅश, ज्यात काजवा कधीच येत नाही. मग झाडाखालच्या गवतात घुसून सेल्फी. त्याच गवतात मादी बसलेली असते. एकाने तर काजवे बाटलीत भरून मुलांसाठी ठाण्याला न्यायचे ठरवले होते. माझा नवरा सहसा कुणाशी भांडत नाही, त्या रात्री भांडला. बाटली उघडली गेली.

आमची पद्धत: सोमवार ते गुरुवारमधली रात्र, दोघांनी एकेक रजा टाकून. दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचायचं, गाडी गावात लावायची आणि पुढे गावातल्या माणसाबरोबर पायी. त्याला त्याचे पैसे द्यायचे, घासाघीस न करता. टॉर्चला लाल जिलेटीन कागद, तोही खाली पायाकडे. रात्री किती वाजेपर्यंत आत सोडतात ते वनखातं ठरवतं, म्हणून निघण्याआधी मुक्कामाच्या घरी विचारायचं. डोळे अंधाराला सरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्या वेळात "काही दिसत नाहीये" म्हणून मोबाइल काढला की पुन्हा पहिल्यापासून.

रविवारी चारला निघणं

सगळा महाराष्ट्र रविवारी चारलाच निघतो. आम्ही सकाळी पिठलं-भाकरी खाऊन अकराला निघतो, किंवा सरळ सोमवारी पहाटे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. त्यातल्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाट टळतो. दमलेले असाल, पाऊस असेल, अंधार पडला असेल तर खुशाल तोच धरा, टोल द्या. बाइकवाल्यांना तिथे परवानगी नाही. पण जाताना समृद्धीने गेलात आणि मग "डोंगर काही दिसले नाहीत" म्हणालात, तर त्यात डोंगरांची काही चूक नाही. आणि आमण्याहून पुढे भिवंडी आहेच, तिथे वाचवलेला अर्धा तास परत द्यावा लागतो. पाण्याची एक बाटली तेवढ्यासाठी शिल्लक ठेवा.