राणीच्या बागेतली क्षेत्रभेट: सहावी-सातवीच्या वर्गाची तयारी

भायखळ्याच्या राणीच्या बागेत जायचं म्हटलं की मुलांच्या तोंडी आधी पेंग्विन येतो, मग वाघ. त्यात गैर काहीच नाही. पण 1862 साली ही बाग लोकांसाठी उघडली ती वनस्पतिउद्यान म्हणून, पिंजरे नंतर आले. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या आजच्या नावाच्या पाटीमागे 50 एकरांहून मोठ्या जागेत आफ्रिकेतली, म्यानमारमधली, दक्षिण अमेरिकेतली आणि आपल्या सह्याद्रीतली झाडं शेजारी शेजारी उभी आहेत. विज्ञानाच्या शिक्षकाला मुंबईत याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. म्हणून ही यादी झाडांसाठी जाणाऱ्या वर्गाची आहे, आणि तिच्यातली पहिली गोष्ट म्हणजे झाडांची संख्या ठरवणं. सहा झाडं पुरतात. प्रत्येकापाशी वीस मिनिटं थांबा. चाळीस झाडांची नावं ऐकत फिरलेल्या मुलाला संध्याकाळी एकही झाड ओळखता येत नाही.

महिनाभर आधी कागदपत्रांना लागा. शाळेच्या लेटरहेडवर उद्यानाच्या कार्यालयाला पत्र द्या. त्यात इयत्ता, मुलांची आणि शिक्षकांची संख्या, तारीख, येण्याची वेळ आणि झाडं बघायला येत आहोत हा हेतू स्पष्ट लिहा. सवलतीचं तिकीट आणि उघडण्याची वेळ त्याच भेटीत विचारून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या आठवड्याचा बंदचा दिवस बदलू शकतो, तेव्हा तारीख पक्की करण्याआधी कॅलेंडर बघा. शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रं लागतातच. संमतिपत्रातच तीन प्रश्न घाला: दमा आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, रोजचं औषध कोणतं. याची उत्तरं सहलीच्या सकाळी विचारून मिळत नाहीत.

ऋतू कोणता, यावर माझं मत ठाम आहे. बहुतेक शाळा डिसेंबर-जानेवारीत जातात आणि बागेत त्या दिवसांत फार गर्दी असते. फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा निवडा. ऊन अजून सोसवतं, सीता अशोक फुलायला लागतो, उर्वशीचं झाड फुलात सापडण्याची शक्यता असते, आणि काही झाडांची पानगळ होत आलेली असते, त्यामुळे फांद्यांची रचना उघडी दिसते. जमलं तर त्याच वर्गाला जुलैमध्ये पुन्हा न्या. शेवाळ, अळंब्या, गोगलगायी आणि पानांनी भरलेली गोरखचिंच (बाओबाब) तेव्हाच दिसते. शनिवार-रविवार मात्र टाळाच.

शिक्षकाची स्वतःची आधीची फेरी कुठल्याही परिस्थितीत वगळू नका. सहलीच्या आठ-दहा दिवस आधी एकट्याने जा आणि मुलांच्या चालीने चाला, म्हणजे आपल्या निम्म्या वेगाने. सहा झाडं नक्की करा, त्यांचा क्रम ठरवा, प्रत्येक ठिकाणी पंचवीस मुलं वाट न अडवता उभी राहू शकतात का ते बघा. स्वच्छतागृहं, पाण्याचे नळ, सावलीतली डबा खायची जागा आणि बाहेर पडायचं फाटक नकाशावर टिपा. आणि माळ्यांशी बोला. कुठल्या झाडाला कालच कळी आली, कुठल्या फांदीवर लाल मुंग्यांनी घर केलंय, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्यांच्यापैकी कोणी सहलीच्या दिवशी दहा मिनिटं मुलांशी बोलायला तयार झालं, तर तुमच्या वेळापत्रकातलं काहीही बाजूला सारून त्यांना ती दहा मिनिटं द्या.

आता झाडं. निवड तुमची, पण मी यांतली घेईन.

गोरखचिंच पहिली, कारण तिच्यापाशी मुलं आपोआप गप्प होतात. मूळची आफ्रिकेतली, फुगीर बुंध्याची. लाकूड स्पंजासारखं सच्छिद्र असतं आणि पाणी साठवतं. सुतळीने बुंध्याचा घेर मोजायला लावा, जमिनीपासून साधारण 1.37 मीटर उंचीवर, कारण वनखात्यातही घेर छातीच्या उंचीवरच मोजतात. कुंपण आड आलं तर हात धरून कडं करायला किती मुलं लागतील याचा अंदाज आधी वहीत लिहायला सांगा. तिची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि परागीभवन वटवाघळं करतात. फूल पांढरं का, वास उग्र का, ते लांब देठावर खाली का लोंबतं, याची उत्तरं मुलांना एकमेकांकडूनच काढू द्या.

कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात. फूल खाली पडलेलं मिळालं तर भिंगातून दोन प्रकारचे पुंकेसर दाखवा: मध्याभोवतीच्या कड्यातले बीजधारणेच्या कामाचे, आणि वरून वाकलेल्या फणीतले वांझ. या फुलात मध नसतो. मधमाश्या पराग खायला येतात, फणीतले पराग नेतात आणि नेता नेता पाठीला कड्यातले पराग लागतात. या एका फुलावर अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. शंकराच्या पिंडीवर नागाचा फणा दिसतो म्हणून देवळांच्या आवारात हे झाड लावतात, पण ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, हेही सांगा. मुलांना फळांच्या खाली मात्र उभं करू नका. ती जड असतात आणि न सांगता पडतात.

सीता अशोक आणि उर्वशी जोडीने बघा. उर्वशी म्यानमारची, सीता अशोक आपला, दोन्ही शेंगांच्या कुळातली. दोघांची कोवळी पालवी तांबूस आणि मरगळून लोंबलेली असते. हरितद्रव्य त्या पानांत उशिरा येतं, मग पान ताठ होतं. फेब्रुवारीत ही पालवी सापडली तर तिचा रंग आणि पूर्ण वाढलेल्या पानाचा रंग शेजारी शेजारी रंगवायला लावा. सीता अशोकाच्या फुलात पाकळ्या नसतातच, रंगीत दिसतात ती निदलं, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी हिरवी दलं. आणि शाळेच्या कुंपणालगत जो उंच, सरळ, हिरवा ‘अशोक’ असतो तो या कुळातलाही नाही, हे मुलांनी दोन्ही पानं हातात घेऊन स्वतः ठरवावं. त्यासाठी शाळेतलं एक पान पिशवीतून न्यायला विसरू नका.

उंबर किंवा वड एक हवाच. खाली पडलेलं उंबर हलक्या हाताने फोडलं की आतली शेकडो बारीक फुलं दिसतात, बहुतेक वेळा किडेही. ते किडे म्हणजे ‘सडकं फळ’ नव्हे हे तिथेच समजावा: त्यांतल्या इवल्या गांधीलमाशीशिवाय उंबराला बी धरत नाही, आणि उंबराशिवाय तिला अंडी घालायला जागा नाही. सहावं झाड म्हणून ताम्हण घ्या. महाराष्ट्राचं राज्यफूल असूनही शहरातल्या मुलांनी ते पाहिलेलं नसतं. फेब्रुवारीत फूल नसेल, पण वाळून तडकलेली तपकिरी फळं फांदीवर असतात. फुलाचं चित्र वर्गात आधी दाखवून ठेवा.

वर्गातली तयारी आठवडाभर आधी, रोज पंधरा मिनिटं. शाळेच्या आवारात जे झाड असेल त्यावरच सराव करा. साधं पान आणि संयुक्त पान यांतला फरक हा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे: देठाच्या काखेत, म्हणजे देठ फांदीला मिळतो त्या कोपऱ्यात, कळी दिसली तर ते पान, नाही दिसली तर ती पर्णिका, म्हणजे संयुक्त पानाचा एक तुकडा. कडुलिंबाच्या डहाळीवर हे एकदा जमलं की बागेत अडत नाही. साल, पारंबी, निदल, पुंकेसर, शेंग हे शब्द चित्रासह फळ्यावर राहू द्या. प्रत्येक मुलाने स्वतःचा एक प्रश्न घेऊन यावं. ‘झाडाचं वय किती’ हा प्रश्न दहाजणांचा असला तरी चालेल.

शास्त्रीय नावांची छापील प्रश्नपत्रिका देऊ नका. मुलं झाडाकडे पाठ करून एकमेकांच्या कागदात बघतात. कोरी वही, जाड पुठ्ठा आणि पेन्सिल द्या. पावसाचा थेंब किंवा घाम पडला की शाईपेनाचं लिहिलेलं जातं.

सामानाची पिशवी गटागटाने भरा. दहा मुलांमागे एक मोठं माणूस आणि एक पिशवी. तिच्यात दहापट मोठं दाखवणारी दोन-तीन भिंगं, सुतळी, मोजपट्टी, सालीचे ठसे घ्यायला पातळ कागद आणि मेणखडू, एक मीटरची सरळ काठी. तापमापक दोन हवेत, अल्कोहोलचे, पाऱ्याचे नकोत. एक उन्हातल्या फरसबंदीवर आणि एक दाट झाडाखाली धरून पाच मिनिटांनी आकडे लिहायचे. तापमापकाच्या फुग्यावर, हात न लावता, सावली धरली नाही तर उन्हातला आकडा हवेचा नसतो. काठीचा उपयोग उंची मोजायला: मोकळ्यावर उभं असलेलं झाड निवडा, काठी उभी धरा, दोन्ही सावल्या मोजा. 1 मीटर काठीची सावली 80 सेंटिमीटर आणि झाडाची 12 मीटर भरली, तर झाड 15 मीटर उंच. गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा मुलांना इथे पहिल्यांदा उपयोगी पडतो. हे सकाळीच करा, दुपारी सावली आखडते. मोबाइल फक्त शिक्षकांकडे, फोटोसाठी.

प्रथमोपचाराच्या डब्यात पट्ट्या, जंतुनाशक, ओआरएस, काटा काढायचा चिमटा, खाजेवरचं लोशन आणि ज्या मुलाला लागतो त्याचा इनहेलर. सॅनिटरी पॅड एका शिक्षिकेच्या पर्समध्ये असू द्या आणि ते कोणाकडे मागायचे हे मुलींना आदल्या दिवशी सांगा. मुलांच्या अंगावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट, डोक्यावर टोपी. पाण्याची बाटली घरून भरलेली. डबा पोळी-भाजीचा, वेफर्सची पाकिटं नकोत. कचऱ्यासाठी कापडी पिशवी आणि तो शाळेत परत आणणारा एक गट.

नियम तीनच सांगा, पण कारणासकट. काहीही तोडायचं नाही, पडलेलं उचलायला हरकत नाही. काहीही तोंडात घालायचं नाही: कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांचा प्रत्येक भाग विषारी असतो आणि त्या कुठल्याही बागेत असतात. केसाळ सुरवंट आणि मुंग्यांची पानांची घरटी लांबूनच बघायची. त्या घरट्यांपाशी जरूर थांबा. कामकरी मुंग्या अळ्यांना तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानं शिवतात.

वर्गात ज्याला दिसत नाही किंवा चालता येत नाही असं मूल असेल तर आधीची फेरी त्याच्या दृष्टीने करा. चाकाच्या खुर्चीला चालेल तीच वाट सगळ्या वर्गाची ठेवा. गोरखचिंचेची गुळगुळीत साल, बकुळीच्या सुकल्या फुलाचा वास, वडाच्या पारंबीचा ताण या गोष्टी न बघताही कळतात, आणि मग सगळा वर्गच डोळे मिटून हात लावायला लागतो.

त्या दिवशी लवकर निघा. मध्य रेल्वेचं भायखळा स्टेशन पूर्वेला उतरून बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मोठ्या वर्गाला बस सोयीची, पण बस कुठे थांबणार हे आधी ठरवा, कारण आंबेडकर रोडची वाहतूक थांबत नाही. फाटकात मोजणी, प्रत्येक झाडापाशी मोजणी, डब्यानंतर मोजणी. प्रत्येक झाडापाशी पहिली तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही, शिक्षकानेही नाही. पहिल्या मिनिटात मुलं हसतात, दुसऱ्यात तांबटाचा टुक्-टुक् आवाज ऐकू येतो, तिसऱ्यात कोणीतरी खोडाकडे बोट दाखवतं. माहिती त्यानंतर द्या.

पेंग्विन शेवटी. तेही नीट बघा, कारण हे हम्बोल्ट पेंग्विन बर्फातले नाहीत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे आहेत, तिथल्या थंड सागरी प्रवाहाचं नाव त्यांना मिळालंय. भूगोलाचा नकाशा सोबत असेल तर उघडा. शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि त्याच्या आवारातला घारापुरीचा दगडी हत्ती सुंदर आहेत, पण त्याच दिवशी जोडू नका; त्यांना वेगळा दिवस हवा.

परत आल्यावर दोन दिवसांच्या आत एक तास राखून ठेवा. गटांनी आपले आकडे फळ्यावर लिहावेत, सावली आणि उन्हातला फरक काढावा, एकाच झाडाच्या घेराचे चार गटांचे चार आकडे का आले यावर भांडावं. उचललेल्या बिया कुंड्यांत पेरा, तारखेची चिठ्ठी लावा. मुलांनी माळीकाकांना लिहिलेली पत्रं उद्यानाच्या कार्यालयात पोचवा. आणि तुमचा हाताने काढलेला नकाशा, प्रत्येक टप्प्याला खरोखर लागलेला वेळ आणि बंद असलेल्या नळाची नोंद शाळेच्या फायलीत लावा, म्हणजे पुढच्या वर्षी नवे सर किंवा बाई वर्ग घेऊन जातील तेव्हा त्यांना इथून सुरुवात करता येईल.