हॅरलसन सफरचंद लावताय? थंडीची काळजी सोडा, विरळणी चुकवू नका

अमेरिकेतल्या मिनेसोटात किंवा तशाच कडाक्याच्या थंडीत घरामागे सफरचंद लावायचं असेल तर मी डोळे झाकून हॅरलसन सांगेन. मिनेसोटा युनिव्हर्सिटीने १९२२ मध्ये आणलेली व्हरायटी, पारा उणे ३० डिग्रीला गेला तरी झाड टिकतं, फळ कडक, रसाळ आणि चांगलं आंबट, ॲपल पायसाठी मस्तच आणि कैरी मिळत नाही तिथे याचं ताजं लोणचंही झकास होतं.

एप्रिल-मे मध्ये जमीन मोकळी झाली की भरपूर उन्हाच्या जागी रोप लावायचं. कलमाचा जोड मातीच्या २-३ इंच वर राहिलाच पाहिजे, तो गाडला गेला तर जोडाच्या वरून मुळं फुटतात आणि ठेंगण्या खुंटावरचं (म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधतात त्यावरचं) झाड ठेंगणं राहत नाही. परागीभवनासाठी जवळपास दुसऱ्या व्हरायटीचं सफरचंदही हवं, शेजाऱ्यांकडे क्रॅबॲपल (छोट्या फळांचं सफरचंद) असेल तरी भागतं.

आता मेन गोष्ट. हॅरलसनला वर्षाआड फळ धरायची खोड आहे, एका वर्षी झाड नुसतं लगडतं आणि पुढच्या वर्षी जवळपास रिकामं. कारण पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे याच उन्हाळ्यात तयार होतात आणि झाडावरच्या फळांतल्या बिया ते रोखतात. म्हणून जूनमध्ये फळं गोटीएवढी झाली की लगेच विरळणी करा, गुच्छातलं सगळ्यात मोठं, निरोगी एकच ठेवायचं आणि दोन फळांत साधारण ६ इंच अंतर. एका हाताने काडी, म्हणजे फळ धरणारी आखूड फांदी, धरून दुसऱ्या हाताने फळ पिळून काढा, हिसडा दिला तर काडीच तुटते आणि पुढची फळं त्याच काडीवर येणार असतात. जीव तुटतो एवढी फळं काढताना, पण काढाच. मोठ्या बागेत हे सगळं हाताने परवडत नाही, तिथे विरळणीचा स्प्रे मारतात, पण कितीही मोठी बाग असो, विरळणी टाळून चालत नाही, कारण रिकाम्या वर्षी गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

हिवाळ्यात खरा धोका सशांचा आणि उंदरांचा, खोडाची साल गोल कुरतडली की झाड गेलंच. बारीक तारेची जाळी लावा, खाली थोडी मातीत दाबा आणि वर बर्फाच्या थरापेक्षा दीड-दोन फूट उंच ठेवा, कारण ससे बर्फावर उभे राहून खातात. छाटणी मार्चमध्ये.

तोडणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. नुसत्या लाल रंगावर जाऊ नका, लालीखालचा हिरवा रंग पिवळट झाला आणि बिया तपकिरी झाल्या की तोडा. भोकाच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली तर फेब्रुवारीपर्यंत आरामात जातात, फक्त ठेचलेली फळं आधीच बाजूला काढून संपवा.