मधुमेहाच्या प्रयोगात या चुका टाळा: एम. फार्म. फार्माकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी

"सर, रॅटची शुगर चढतच नाही." डिझर्टेशनच्या वर्षात हे वाक्य हमखास कानावर येतं. विद्यार्थ्याचा संशय औषधाच्या बाटलीवर असतो, माझा बफरवर, म्हणजे ते ज्या द्रावणात विरघळवलं त्यावर.

रॅटमध्ये मधुमेह घडवण्यासाठी टोचलं जाणारं स्ट्रेप्टोझोटोसिन फार लवकर विघटित होतं. ते थंड सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४.५ वर, अंधारात विरघळवायचं आणि लगेच टोचायचं. सकाळी केलेलं द्रावण दुपारी वापरलं तर काही रॅटना मधुमेह होणारच नाही. पीएच मीटर त्याच दिवशी कॅलिब्रेट करा. डोस प्रत्येक रॅटच्या वजनानुसार काढा, पिंजऱ्याच्या सरासरीवर नको.

दुसरी चूक जीव घेते. स्ट्रेप्टोझोटोसिनमुळे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मरताना साठलेलं इन्सुलिन एकदम रक्तात येतं आणि शुगर धोकादायक खाली जाते. म्हणून पहिल्या रात्री पिण्याच्या पाण्यात ग्लुकोज हवंच. मग साधारण ७२ तासांनी उपाशीपोटी शुगर मोजा आणि सिनॉप्सिसमध्ये (प्रयोगाच्या आधी दिलेल्या आराखड्यात) ठरवलेल्या मर्यादेवरचेच रॅट गटांत घ्या. अनेक जण ही मर्यादा २५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरतात. गट मात्र चिठ्ठ्या टाकून पाडा. हाताला सहज सापडणारा रॅट बहुतेक वेळा अशक्त असतो.

स्टँडर्ड औषधाची, म्हणजे तुलनेसाठी घ्यायच्या माहितीतल्या औषधाची, निवड लोक जुन्या थिसिसवरून उतरवतात, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचं औषध जिवंत बीटा पेशींकडून इन्सुलिन सोडवून घेतं. स्ट्रेप्टोझोटोसिनच्या मोठ्या डोसने त्या पेशीच संपवल्या असतील तर ते काम कशावर करणार? अशा वेळी इन्सुलिन घ्या, नाहीतर आधी निकोटिनामाइड देऊन काही पेशी वाचवणारं मॉडेल निवडा.

माणसाचा डोस रॅटला देतानाही घोळ होतो. ६० किलोच्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन म्हणजे किलोमागे १६.७ मिलिग्रॅम. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने त्याला ६.२ ने गुणा, म्हणजे रॅटसाठी किलोमागे सुमारे १०३ मिलिग्रॅम. छोट्या उंदरासाठी (माउस) गुणक १२.३ आहे. थेट १६.७ दिलं आणि परिणाम दिसला नाही, तर तो औषधाचा दोष नाही.

आकडेमोडीत एकच सांगतो: सहा रॅटच्या प्रत्येकी तीन रीडिंग घेतल्या तरी एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, सहाच, अठरा नव्हे. पाच गटांची जोडीजोडीने टी-टेस्ट करू नका, दहा तुलना होतात आणि नुसत्या योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता वाढते. सगळे गट एकदम तपासणारी अनोव्हा करा आणि त्यानंतर कोणत्या गटांत फरक आहे हे सांगणारी टुकी किंवा डनेट चाचणी.

प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात येण्याआधी रॅट मागवू नका. अर्जात रॅटची संख्या लिहिताना मृत्यूसाठी थोडे जास्त धरा आणि त्याचं कारण द्या. मध्येच मेलेला रॅट गुपचूप बदलू नका. त्याची तारीख, वजन, डोस आणि शेवटची शुगर वहीत त्याच दिवशी लिहा.